बंदूक घेतलीस, आता हे ऐक

जावळीत रानडुकरं भाताची नासाडी करतात, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढलास, ठीक. पण देणारा 'रिकामी आहे' म्हणाला तरी दुनळी बारा बोअर बंदूक उघडून दोन्ही नळ्या स्वतः बघायच्या. नळीचं तोंड माणसाकडे नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. बांध ओलांडताना काडतुसं बाहेर. रात्री बॅटरीत नुसतं काही हललं म्हणून बार काढू नकोस. पलीकडच्या शिवारातही कुणीतरी राखणीला बसलेलं असतं. आणि डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी आधी, हे गावात कुणी सांगत नाही.

घरी बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. वरातीत हवेत बार काढ म्हणून पाहुणे हमखास आग्रह करतील. सरळ नाही म्हण. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात घालणाऱ्या अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर पावती घेऊनच ठाण्यातून नीघ.