सहा महिने राहायलाच हवं का?

प्रश्न : ताई, मी ७४ वर्षांचा, मध्य रेल्वेतून निवृत्त. मुलुंडला आम्ही दोघंच राहतो. मुलगी, जावई आणि दोन नातवंडं न्यू जर्सीत, एडिसनला असतात. आमचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा झालाय आणि मुलगी म्हणते, ‘आता सहा महिने राहायलाच या.’ बायकोने गोडा मसाला करूनसुद्धा ठेवला. मला मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. तिकडे आजारी पडलो तर? पावसाळ्यात घर बंद राहणार, पेन्शनचा हयातीचा दाखला राहणार, आणि मुख्य म्हणजे मी तिथे दिवसभर करू काय? नाही म्हटलं तर मुलगी दुखावेल.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी त्या सहा महिन्यांचं बघू, तुमची निम्मी धास्ती तिथेच आहे.

व्हिसावर दहा वर्षं लिहिलेली असली तरी तो तुम्हाला फक्त तिथल्या दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो. भेटीला आलेल्या आईवडिलांना बहुधा सहा महिने मिळतात आणि शेवटची तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. ही नोंद आता ऑनलाइन असते. पोचल्यावर मुलीला ती उतरवून घ्यायला सांगा आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मुदतवाढीचा अर्ज न करता त्या तारखेपुढे राहिलात तर व्हिसा बाद होतो. त्याआधी मात्र कधीही परत या, कोणी जाब विचारत नाही. सहा महिने ही वरची हद्द झाली. ‘एवढं तिकीट काढलंय तर पुरेपूर राहू’ हा हिशेब आपला.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांच्या आत परत या. माझा मुलगाही तिकडेच असतो, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. पहिले पंधरा दिवस सणासारखे जातात. मग सोमवार उजाडतो. सकाळी आठला घर रिकामं होतं ते संध्याकाळी सहापर्यंत, आणि तुम्ही दोघं खिडकीतून शेजाऱ्यांची हिरवळ बघत बसता. आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिकडून परतलेली मंडळी नायगाराचे फोटो दाखवतात. कंटाळ्याचा फोटो निघत नाही म्हणून तो कोणी दाखवत नाही.

म्हणून मुलीला तिकिटाआधी एकच प्रश्न विचारा : घरातून निघून पायी कुठे जाता येईल? एडिसन पसरलेलं गाव आहे. ओक ट्री रोडवर आपल्या वाणसामानाची, मिठाईची, साड्यांची दुकानं ओळीने आहेत, न्यूयॉर्कला जाणारी लोकल गाडी आहे, सार्वजनिक वाचनालय आहे. पण मुलीचं घर यांतल्या कशाच्याही पायी अंतरावर नसेल, तर प्रत्येक वेळी गाडी आणि गाडी चालवणारा लागेल. मुलुंड स्टेशनवर रोज चक्कर मारणाऱ्या माणसाला हे जेवणाखाण्यापेक्षा जास्त जाचतं. आठवड्यातून दोन दिवस कोणी वाचनालयात सोडेल का, हे आत्ताच ठरवून घ्या. तिथे गेल्यावर मागितलं की ती तक्रार वाटते. आणि नातवंडांची शाळा जूनच्या अखेरीस सुटते, ती सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा भरते. ऊनही तेव्हाच असतं, रात्री आठपर्यंत उजेड. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. तेव्हा जाऊ नका, मुलीने कितीही बर्फाचं कौतुक सांगितलं तरी.

बायकोला सहा महिने राहायचं असेल तर तिला राहू द्या की! तुम्ही आधी परत या. असं सुचवलं की आपल्याकडे लोकांच्या भुवया उंचावतात, ‘भांडण झालं का?’ म्हणून. उंचावू द्यात. फक्त एक सांगा, तुम्हाला कुकर लावता येतो का? येत नसेल तर निघायला अवकाश आहे, शिकून घ्या. मुलुंडमध्ये पोळीभाजीचे डबे हवे तेवढे मिळतील, पण मधुमेही माणसाने महिनोन्‌महिने डब्यावर काढू नयेत.

आता आजारपण. भायखळ्याच्या रेल्वे हॉस्पिटलचं तुमचं कार्ड तिथे चालणार नाही, आणि भेटीला गेलेल्याला तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा उपयोग नसतो. विमा घ्यावाच लागेल. तो घेताना हप्त्याआधी दोन गोष्टी वाचा. पहिली, पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीकच रक्कम देते, की एका मोठ्या मर्यादेपर्यंत बिलाचा मुख्य भाग उचलते. ठरावीक रकमेची पॉलिसी स्वस्त असते आणि अमेरिकेतल्या बिलापुढे ती फार तोकडी पडते. दुसरी, आधीपासून असलेल्या आजाराचं कलम. तुमचा मधुमेह आणि स्टेंट दोन्ही त्यात येतात. पुष्कळ पॉलिसी असा आजार वगळतात. काही फक्त तो अचानक उसळला तर पैसे देतात, त्यालाही वयाची नि रकमेची अट असते. सत्तरीनंतर ही रक्कम बऱ्याचदा झपकन खाली येते. फॉर्ममध्ये स्टेंट लपवू नका. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तर एजंट बदला. लपवलेल्या आजारावर दावा फेटाळला जातो आणि बिल जावयाच्या दारात येतं. हप्ता कोणी भरायचा? माझ्या मते बोलावणाऱ्याने. हे मुलीशी मोकळेपणाने बोला, पेन्शनीतून गुपचूप भरत बसू नका.

एक दिलासा आहे. १९८६च्या कायद्यानुसार तिथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला, दारात आलेल्या माणसाला विमा आहे की नाही याकडे न बघता तपासावं लागतं आणि जिवावरचा धोका टाळण्याइतके उपचार द्यावे लागतात. बिल मात्र माफ होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा, प्रवासाला त्यांची हरकत नाही ना ते विचारा, आणि अँजिओप्लास्टीचे कागद, शेवटचा ईसीजी, चालू औषधांची यादी यांचे फोटो मुलीच्या फोनवर पाठवून ठेवा.

औषधांचंही तीन महिन्यांशी जमतं. स्वतःसाठी साधारण ९० दिवस पुरतील एवढीच औषधं सोबत न्यावीत असा तिथला संकेत आहे. ती मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, गोळ्या सोडवून डबीत भरू नका. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असावं. सगळं हातातल्या पिशवीत. उद्या इन्सुलिन सुरू झालं तर तेही. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो.

वहिनींचा गोडा मसाला खुशाल न्या, पण कस्टमवाल्यांनी विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून स्पष्ट सांगा. आंबेमोहोर नको. भारतातून तांदूळ सामानात नेता येत नाही, त्यातल्या खाप्रा नावाच्या किडीला ते फार घाबरतात. हापूसही नाही. आपला आंबा २००७पासून अमेरिकेत जातो, पण विकिरण करून, रीतसर निर्यातीच्या वाटेने. तुमच्या बॅगेतला कचऱ्यात जाईल.

राहिलं घर आणि पेन्शन. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तोवर तुम्ही परतलेले असाल. नसलात तर जीवन प्रमाण या ऑनलाइन दाखल्याची सोय आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होते. पण बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात, तेव्हा ते सिम जिवंत ठेवा आणि रोमिंग इथूनच सुरू करून निघा. घराची किल्ली शेजारी द्या. दर आठवड्याला कोणी तासभर खिडक्या उघडल्या तर बुरशी आटोक्यात राहते. नळाचा मुख्य कॉक नि गॅस बंद, फ्रिज रिकामा करून दार किलकिलं. कपाटातल्या साड्यांना थोडा वास लागेलच. पावसाळा मुंबईचा आहे, इलाज नाही.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, गिरगावात पागडीच्या खोलीत एकटी असते. मुलगा टोरांटोजवळ आहे. तो म्हणतो, ‘सुपर व्हिसा काढतो, पाच वर्षं इथेच राहा, खोली सोडून दे.’ सोडू का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. निदान आत्ता नाही.

सुपर व्हिसावर कॅनडात एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं हे खरं. जुलै २०२२पूर्वी दोनच होती. त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर असावं लागतं, तुमची वैद्यकीय तपासणी होते, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा विमा लागतो. पण पाच वर्षं राहिलात तरी तुम्ही पाहुण्याच. कायमचं वास्तव्य त्यातून मिळत नाही. विमा पुढेही चालू ठेवावा लागेल आणि वय वाढेल तसा हप्ताही वाढेल. ज्या घरात परत यायचं नाही असं ठरवून निघता, तेच घर पाहुणीला परतण्यासाठी लागतं.

तुमच्या बाबतीत दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातल्या कलम १६प्रमाणे, भाड्याची जागा योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल तर मालक ती परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. मुलाकडे राहायला जाणं हे योग्य कारण ठरेल की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील, आणि गिरगावात पुनर्विकासाचं वारं असताना मालक वाट बघत असतोच. तेव्हा पहिली खेप चार-पाच महिन्यांचीच करा. भाडं वेळेवर जाईल आणि पावत्या मिळतील अशी व्यवस्था ठेवा. वीजबिल तुमच्याच नावावर येत राहू द्या. जास्त राहायचं ठरलं तर निघण्याआधी भाडेकरूंचे खटले चालवणाऱ्या वकिलाला भेटा. मुलाला हे सगळं तारखांसकट लिहून पाठवा. ‘खोली सोडून दे’ म्हणायला त्याला दोन सेकंद लागले असतील.

प्रश्न : गुडघे दुखतात, पण विमानतळावर व्हीलचेअर घ्यायला लाज वाटते. चालत गेले तर?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : मुंबईचं टी-टू टर्मिनल २०१४ साली सुरू झालं तेव्हापासून तिथे कोणाचे गुडघे खूश झाल्याचं मी ऐकलेलं नाही. चालणं लांब, आणि पुढे दुसऱ्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर तेही पळत. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा आणि प्रत्येक टप्प्याच्या तिकिटावर ती आली आहे ना ते तपासा. पहिल्या विमानाला असते आणि बदलीच्या ठिकाणी नसते असं होतं. जागा कडेची, चालायच्या वाटेजवळची मागा. मध्ये मध्ये उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा, म्हणजे पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. खुर्ची ढकलणाऱ्या मुलाशी दोन शब्द बोलाल, तर वाटेत स्वच्छतागृहापाशी थांबायला तो कुरकुर करणार नाही.