पहिल्या सोलो उड्डाणात नेमके काय होते आणि त्यानंतर शर्ट का कापतात?

आपला प्रश्न तीन भागांचा आहे: सोलो (प्रशिक्षकाशिवाय एकट्याने केलेले उड्डाण) जवळ आला असूनही प्रशिक्षक तारीख का सांगत नाहीत, त्या उड्डाणात विद्यार्थ्याकडून कशाची अपेक्षा असते, आणि खाली उतरल्यावर शर्ट कापण्याच्या किंवा अंगावर पाणी ओतण्याच्या प्रथा कुठून आल्या. मी बरीच वर्षे उड्डाण शिकवत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर प्रशिक्षकाच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या आसनावरून लिहिलेले आहे असे समजावे.

तारीख न सांगण्यात लपवाछपवी नसते. तारीख कळलेला विद्यार्थी आदल्या रात्री धड झोपत नाही, शिवाय त्या दिवशी वारा धावपट्टीच्या रेषेत असेल, दृश्यमानता चांगली असेल आणि सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, गर्दी नसेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय एखाद्या सुरेख लँडिंगवरून घेतला जात नाही, कारण सुरेख लँडिंग नशिबानेही होऊन जाते. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, विमान किंचित उंच राहिले तर मी तोंड उघडण्याआधी विद्यार्थ्याचा हात थ्रॉटलवर (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर) हलतो का, वेग दोन-तीन नॉटने घसरलेला त्याच्या आपणहून लक्षात येतो का, आणि बेत बिघडतो आहे असे दिसताच तो न विचारता गो-अराउंड करतो का, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जातो का, हे मी पाहत असतो. शेवटच्या काही सर्किटांमध्ये मी हात मांडीवर ठेवून गप्प बसतो. विद्यार्थ्याला त्या शांततेची बहुधा भीती वाटते, आपले काहीतरी चुकले असावे असे वाटते. प्रत्यक्षात तो तेव्हाच एकटा उडू लागलेला असतो. ही गप्प सर्किटे समाधानकारक झाली नाहीत तर मी विमानातून उतरत नाही, आणि त्या दिवशी सोलो होणार होता हे विद्यार्थ्याला कळतही नाही.

कागदोपत्री भाग थोडक्यात सांगतो. उदाहरणादाखल अमेरिकेतील नियम पाहिले, तर इंजिनाच्या विमानासाठी किमान वय 16 आणि ग्लायडरसाठी 14 आहे. तासांची किमान मर्यादा तिथे नाही. मात्र नियम, विमानतळ आणि त्या विमानाचे गुणधर्म यांवरील लेखी चाचणी प्रशिक्षकाने आधी घ्यावी लागते आणि त्याची लेखी अनुमती त्याच प्रकारच्या विमानासाठी 90 दिवस चालते. एके काळी अडथळा वेगळाच असे. पुढे अटलांटिक एकट्याने ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांनी 1922 मध्ये नेब्रास्कात शिक्षण घेतले, पण विमानाचे नुकसान झाल्यास भरपाई म्हणून ठेवायची अनामत त्यांच्याजवळ नव्हती, त्यामुळे तिथे त्यांचा सोलो झालाच नाही. पुढल्या वर्षी सैन्याने विकायला काढलेले जुने जेनी विमान विकत घेतल्यावर ते स्वतःच्याच विमानातून पहिल्यांदा एकटे उडाले.

आता प्रत्यक्ष उड्डाणाकडे येतो. प्रशिक्षक टॅक्सीवेच्या (धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या) कडेला उतरतो तेव्हा रिकाम्या आसनाचा पट्टा आवळून बांधतो. पट्टा सैल राहिला तर तो कंट्रोलमध्ये अडकू शकतो, आणि त्याचे टोक दाराबाहेर लोंबत राहिले तर उड्डाणानंतर ते विमानाच्या पत्र्यावर असे थडथड वाजते की इंजिनाचे काहीतरी तुटले असे वाटावे. पहिल्यांदा एकट्या असलेल्या माणसाच्या डोक्यात तो आवाज नको. म्हणून आपले प्रशिक्षक विसरले, तरी पट्टा आणि दाराची कडी आपण स्वतः हात लावून तपासा.

सर्वांत मोठा बदल वजनाचा. सेस्ना 152 या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचे कमाल अनुज्ञेय वजन 757 किलो आहे. त्यातून 75 किलोचा प्रशिक्षक उतरला की सुमारे दहावा हिस्सा कमी झाला. विमान नेहमीपेक्षा आधी धावपट्टी सोडते, चढते जलद, आणि जमिनीपासून 1000 फुटांची सर्किटची उंची आपल्या सवयीच्या ठिकाणाच्या बरीच आधी गाठते. ज्यांनी खुणा पाठ केलेल्या असतात, म्हणजे अमुक झाडावर आलो की थ्रॉटल मागे घ्यायचा अशा हिशेबाने जे उडतात, ते येथे हमखास उंची ओलांडतात. नजर झाडावर नको, अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) हवी. उतरतानाही तोच हलकेपणा आडवा येतो. रोजच्याच वेगाने आलेले विमान फ्लेअरनंतर, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित वर उचलल्यावर, टेकायला तयार नसते, धावपट्टीवर तरंगत राहते. त्या वेळी नाक खाली ढकलण्याचा मोह होतो आणि तोच घातक असतो, कारण पुढचे चाक आधी आपटले की विमान उसळ्या घेऊ लागते. नाक तसेच धरून वेग आपोआप उतरू द्यावा. धावपट्टी पुरेशी उरत नसेल तर पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जावे. पहिल्या सोलोत गो-अराउंड केलेल्या विद्यार्थ्याला मी कधी कमी गुण दिलेले नाहीत, उलट पुढच्या उड्डाणांसाठी त्याच्यावरचा माझा भरवसा वाढलेला आहे.

किती फेऱ्या मारायच्या हे देशानुसार बदलते. ब्रिटनमध्ये बहुधा एकच सर्किट आणि एकच लँडिंग असते, तर अमेरिकेत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची रीत आहे. विमानतळाच्या नियंत्रण टॉवरला बहुतेक ठिकाणी आधीच कळवलेले असते, त्यामुळे कंट्रोलर इतर विमानांना थोडे दूर ठेवतात. रेडिओवर काही समजले नाही तर पुन्हा विचारण्याचा संकोच त्या दिवशी तरी करू नये.

शर्ट कापण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेतली. शर्टाचा मागचा भाग कापून त्यावर नाव, तारीख आणि विमानाची नोंदणी अक्षरे लिहितात आणि तो तुकडा क्लबच्या भिंतीवर लावतात. कारण असे सांगतात की, पूर्वीच्या विमानांत आसने एकामागे एक असत आणि रेडिओ नसे, म्हणून मागे बसलेला प्रशिक्षक विद्यार्थ्याचा शर्ट ओढून त्याचे लक्ष वेधी; विद्यार्थी एकटा उडू लागला की ओढायला शर्टाची गरज उरत नाही. गोष्ट गोड आहे, पण आसनांशी ताडून पाहिली की डळमळते. टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानामध्ये प्रशिक्षक पुढे आणि विद्यार्थी मागे बसत असे. पायपर कब या छोट्या विमानामध्ये एकट्याने उडायचे ते मागच्याच आसनावरून. पुढे बसलेल्या माणसाने मागच्याचा शर्ट कसा ओढायचा? एरॉन्का चॅम्पसारख्या विमानात मात्र विद्यार्थी पुढे आणि प्रशिक्षक मागे, तेथे ही कथा चपखल बसते. शिवाय 1917 मध्ये ब्रिटनमधील गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी प्रशिक्षणाची जी पद्धत बसवली, तिच्यासोबत बोलण्याची नळीही आली आणि त्या नळीतून प्रशिक्षक थेट विद्यार्थ्याच्या कानात ओरडू शकत होता. माझे मत असे की ही कथा काही विमानांपुरती खरी असावी आणि प्रथा रुळल्यानंतर ती सर्वच विमानांना चिकटली.

अमेरिकी नौदलात शर्टाऐवजी टाय कापतात आणि हवाई दलात सोलो केलेल्या विद्यार्थ्याला पाण्याच्या टाकीत टाकतात. इतर अनेक देशांच्या क्लबांत बादलीभर पाणी अंगावर ओतले जाते. जर्मनीच्या ग्लायडर क्लबांत नव्या सोलो वैमानिकाच्या पार्श्वभागावर सर्वांनी एकेक फटका मारायचा आणि हातात काटेरी किंवा खाजऱ्या पानांचा गुच्छ द्यायचा अशी रीत आहे. विमानाची हालचाल बसण्याच्या जागेतून जाणवावी, ती जागा जागी व्हावी, असे त्याचे विनोदी स्पष्टीकरण देतात. स्पष्टीकरण मला आवडते, फटके नाहीत. कोणतीही प्रथा विद्यार्थ्याची संमती विचारूनच करावी असे मी मानतो, विशेषतः कात्री हाती घेतलेली असेल तेव्हा. आपल्याला शर्ट कापून घेणे नको असेल तर आधीच स्पष्ट सांगा. कापून घ्यायचा असेल तर आतून टी-शर्ट घाला आणि बाहेरचा शर्ट जुना ठेवा.

पाण्याबाबत एक सूचना मी प्रत्येक विद्यार्थ्याला देतो. विमानातून उतरताना फोन, परवाना आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) प्रशिक्षकाच्या हाती द्या, कारण शाईने केलेली नोंद भिजली की पुन्हा लिहून सही घेण्याची कटकट मागे लागते. आणखी एक, पुढच्या उड्डाणाला प्रशिक्षक पुन्हा शेजारी येऊन बसले तर मनाला लावून घेऊ नका. सोलोनंतरच्या पहिल्या काही दिवसांत विद्यार्थी तपासण्या घाईने उरकू लागतात, म्हणून मीही पुन्हा एक-दोन सर्किटे सोबत उडतो आणि मगच दुसऱ्यांदा उतरतो.