गाडीचं दार घरी रंगवायचं का, आणि ती ६० हजारांची पॉलिसी

नाशिकच्या सिडकोतून एका वाचकांचं पत्र आलंय. "सर, वय ३६, अंबडला कंपनीत आहे, हातात महिना ५५ हजार. बायको घरी असते, मुलगी ५ वर्षांची. चार वर्षांपूर्वी घेतलेली सिल्व्हर गाडी गेटला घासली, पुढचं दार आणि फेंडर. गॅरेजवाला ९ हजार सांगतोय. त्यापेक्षा १४ हजारात कंप्रेसर, स्प्रे गन आणि पॉलिशिंग मशीन घेऊन घरीच केलं तर? की क्लेम टाकू? आजवर एकही टाकलेला नाही. सध्या ओढाताण आहे, कार लोनचा हप्ता ९,८०० आणि लोनसोबत बँकेने घ्यायला लावलेल्या जीवन विमा पॉलिसीचे वर्षाचे ६० हजार पुढच्या महिन्यात भरायचेत. पण त्यातून २० वर्षांनी २२ लाख मिळणार आहेत."

आधी दाराचं. माझ्या मामांचं सातपूरला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, सुट्टीत तिथे पॉलिश पेपर मारलाय म्हणून सांगतो. ओरखड्यावरून नख फिरवा, अडकलं नाही तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, २००० नंबरचा पेपर पाण्यासोबत हलक्या हाताने, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश, ७००-८०० रुपयात काम होतं, हे घरी जरूर करा. फक्त एकाच जागी घासत बसू नका, लॅकरचा थर केसाइतकाही जाड नसतो, तो गेला की परत रंगच मारावा लागतो.

पण जिथे प्रायमर किंवा पत्रा दिसतोय तिथे लांबी (पुट्टी), प्रायमर, बेस म्हणजे मूळ रंग, लॅकर सगळं आलं, आणि सिल्व्हर हा घरी शिकायचा रंग नाहीच. त्यातले मेटॅलिक कण गनच्या अंतराप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे वेगवेगळे बसतात, रंगाचा कोड बरोबर असूनही उन्हात दार वेगळं दिसतं, म्हणून कारागीर शेजारच्या पॅनलवर शेड पसरवत नेतात. शिवाय लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा लागू शकतो, कापडी मास्क काही कामाचा नाही, आणि घरात लहान मुलगी आहे. दोन पॅनलसाठी १४ हजारांची मशीन घेऊ नका.

क्लेमचा हिशोब सरळ आहे. ९ हजारांच्या बिलातून तुमच्या खिशातून जाणारे कंपल्सरी एक हजार आणि झिरो डेप (घट न कापणारं कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलची घट जाऊन ७ हजारांच्या आसपास मिळतील. उलट चार वर्षं क्लेम नाही म्हणजे येत्या रिन्यूअलला तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, ४५ टक्के, त्यापुढच्या रिन्यूअलला ५०. क्लेम टाकला की तो शून्य, मग परत २०, २५, ३५, ४५ असं चढायचं. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ प्रीमियम ८ हजार धरला तर पुढच्या पाच वर्षात जास्तीचे जवळपास १० हजार जातात. ७ साठी १० घालवायचे नाहीत. गॅरेजला ९ हजार द्या, पावसाआधी द्या, उघडा पत्रा गंजतो.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. कार लोनसाठी जीवन विम्याची पॉलिसी घ्यावीच लागते असा कुठलाही कायदा नाही. सक्ती आहे ती फक्त गाडीच्या थर्ड पार्टी विम्याची. काउंटरवर बसून "सोबत हे घ्यावं लागतं" म्हणणाऱ्याने तुमच्याकडून ६० हजार चार वेळा काढलेत, २ लाख ४० हजार, आणि मला याचा मनापासून राग येतो. ते २२ लाख कुठून आले बघा. बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे शेवटी किती मिळेल ते दाखवणाऱ्या कागदावर गृहीत धरलेल्या परताव्याचे दोन रकाने असतात, ४ टक्के आणि ८ टक्के, आणि दाखवतात नेहमी ८ चा. तोही खरा झाला तरी १२ लाख भरून २२ म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के. तुमचं कार लोन त्यापेक्षा महाग असणार.

आणि विमा किती? अशा पॉलिसीत साधारण १२ लाख, कागदावर बघून घ्या. तुमच्या अंदाजे ३ लाखांच्या बाकी लोनमध्ये ३ जातील, उरलेल्या ९ लाखात बायको आणि मुलगी किती दिवस काढतील? दीड वर्षाचासुद्धा पगार नाही हो तो. घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि मला दारापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

आज सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद केली, तर भरलेल्याच्या निम्मे, साधारण १ लाख २० हजार मिळतील. लागतं मनाला, कळतं मला. पण पुढच्या १६ वर्षांचं गणित करा. ते १ लाख २० हजार आणि दरवर्षी ४५ हजार पीपीएफमध्ये (वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे, म्हणून पहिल्या वर्षी वर उरणारे १५ हजार पुढच्या वर्षी टाका), ७.१ टक्के धरून, सतरा लाखांच्या आसपास होतात, आणि वाचलेल्या १५ हजारात सिगारेट ओढत नसाल तर एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, बसायला हवा. २२ लाखांची आशा आणि १२ लाखांचा विमा एकीकडे, सतरा लाख आणि एक कोटीचा विमा दुसरीकडे. मी दुसरं घेईन.

फक्त क्रम चुकवू नका. आधी टर्मचा अर्ज आणि मेडिकल, त्यात शिफ्ट, बीपी, तंबाखू काहीही लपवू नका. ती पॉलिसी हातात आली की मगच जुनी सोडा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची मुभा, असतो, तेवढी उसंत आहे. तोवर कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवल्यास, किती मिळेल हे दोन्ही आकडे लेखी मागा. बँकेविरुद्ध तक्रारीने पूर्ण पैसे परत येतील या भरवशावर राहू नका, तोंडी बोललेलं चार वर्षांनी सिद्ध करणं अवघड. पण लोनच्या सँक्शन लेटरमध्ये पॉलिसीचा उल्लेख कुठे असेल तर त्याची झेरॉक्स काढून आधी बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार द्या, दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं.