वाचकांचे प्रश्न : केबलच्या चेंबरमध्ये साचलेले पाणी

प्रश्न : आमच्या इमारतीसमोरच्या पदपथाखाली दूरसंचार केबलसाठी प्लास्टिकचे चेंबर बसवले आहे. पावसानंतर त्याचे झाकण उघडले गेले, तेव्हा आत वीतभर पाणी होते आणि चेंबरला तळच नसल्याचे दिसले. काम अर्धवट राहिले आहे का? शिवाय काँक्रीटऐवजी प्लास्टिक वापरल्याने ते दबणार नाही का?

उत्तर : तळ नसणे ही बहुधा उणीव नसून मुद्दाम केलेली रचना असते. अशा चेंबरखाली खडीचा थर देतात आणि आत आलेले पाणी त्यातून जमिनीत मुरू देतात. तळ बंद केला, तर भूजलाची पातळी वर आल्यावर पेटीच उचलली जाण्याचा धोका असतो. कारण अर्ध्या घनमीटरची रिकामी, बंद पेटी पूर्ण बुडाली, तर पाणी तिला सुमारे ५०० किलो वजनाइतक्या जोराने वर ढकलते आणि प्लास्टिकचे स्वतःचे वजन त्यापुढे नगण्य ठरते.

पाणी अडवणे हे मुळात चेंबरचे कामच नाही. वरचा भार पेलणे आणि जोडणी करणाऱ्याला हात घालण्यापुरती जागा राखणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. फायबरचे जोड आतल्या वेगळ्या, रबरी सील असलेल्या डब्यात असतात. हा डबा आयपी ६८ दर्जाचा असेल, तर तो धूळ पूर्णपणे रोखतो आणि उत्पादकाने सांगितलेल्या खोलीपर्यंत पाण्यात बुडून राहू शकतो. त्यामुळे वीतभर पाण्यापेक्षा मला गाळाची काळजी अधिक वाटते, कारण पाइपांची तोंडे बुचांनी बंद केलेली नसली, तर गाळ आणि उंदीर दोन्ही त्याच वाटेने येतात.

दबण्याविषयीची शंका मात्र रास्त आहे. युरोपीय मानक ईएन १२४ नुसार झाकणांचे वर्ग ठरतात : ए १५ केवळ पादचारी व सायकलींसाठी, बी १२५ पदपथ व मोटारींच्या वाहनतळांसाठी, तर डी ४०० रस्त्यासाठी. हे आकडे किलोन्यूटनमधील चाचणीभाराचे आहेत. म्हणजे बी १२५ चे झाकण चाचणीत साधारण साडेबारा टन भार सोसते. प्रत्यक्षात झाकणापेक्षा भिंतीच आधी दगा देतात आणि तेही बहुधा बसवतानाच. भोवतीची माती थराथराने न भरता एकदम लोटून धुमसाने ठोकली, की भिंती आत फुगतात, चौकट वाकडी होते आणि झाकण खाचेत बसत नाही. म्हणूनच जाणता कारागीर माती दाबताना झाकण चौकटीत बसवूनच ठेवतो. काँक्रीट अधिक कणखर असते हे खरे, पण ते उतरवायला यंत्र लागते आणि नव्या पाइपसाठी त्याला भोक पाडणे जिकिरीचे असते.

आपल्या चेंबरचे झाकण पायाखाली डगमगत असेल किंवा कडेची फरशी खचली असेल, तर केबल टाकणाऱ्या कंपनीला अवश्य कळवावे. पाणी चार-आठ दिवसांत ओसरत असेल, तर तक्रारीचे कारण नाही.