हेडलाइटचा उजेड कमी पडतोय? १००/९० चा बल्ब घेण्याआधी एवढं तपासा

तुम्ही विचारलंय की डाव्या हेडलाइटचा एच४ (हाय आणि लो बीम दोन्ही एकाच बल्बात असलेला) बल्ब उडालाय, उजेड तसाही कमीच पडायचा, तर घरच्या घरी दोन्हीकडे १००/९० वॅटचे किंवा एलईडी टाकावेत का. बल्ब घरी जरूर बदला, तोही जोडीने, कारण दुसराही तितकाच वापरलेला आहे. पण १००/९० टाकू नका.

मी टाकले होते. सुरुवातीला उजेड छान वाटला. मग एका रात्री लो बीम लुकलुकायला लागला. मागचं रबरी कव्हर काढून पाहिलं तर कपलरचं (बल्बच्या पिनांवर बसणाऱ्या वायरच्या सॉकेटचं) प्लास्टिक वितळलेलं आणि पिना काळ्या पडलेल्या. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, पहिला आकडा हाय बीमचा, दुसरा लो बीमचा. १२ व्होल्टला ५५ वॅट म्हणजे साधारण साडेचार अँपिअर, ९० वॅट म्हणजे साडेसात. वायर, स्विच, कपलर सगळं साडेचाराच्या हिशोबाने बसवलेलं असतं. फ्यूज उडतो म्हणून कुणी मोठा फ्यूज टाकायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्याने वायरिंग पेटू शकतं.

खरा प्रश्न, आहे तो उजेड कुठे जातोय? आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, लाइट चालू, आणि बॅटरीवर व बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजून फरक पाहा. बल्बला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरलं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाड्यांत गंजलेलं अर्थिंग आणि सैल कपलर हीच कारणं जास्त सापडतात. ते साफ करून घट्ट केलं, किंवा बॅटरीवरून थेट फ्यूज आणि रिले (कमी करंटने चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) लावून जाड वायर आणली, की साध्या ६०/५५ बल्बचाही उजेड खुलतो. माझ्या गाडीत शेवटी हाच उपाय चालला.

दुसरं, हेडलाइटची काच. बऱ्याच गाड्यांत ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, उन्हाने पिवळं पडतं. तसं असेल तर, ओल्या पॉलिश पेपरने, आधी १०००, मग २०००, आणि शेवटी कंपाउंडने घासा. वर यूव्ही कोटिंग मात्र लावाच, नाहीतर पिवळेपणा लवकर परत येतो.

आता बल्ब. लाइट बंद करून तो थंड होऊ द्या. कपलर ओढताना वायरीला नाही, प्लास्टिकला धरा. रबरी कव्हर काढा, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करा; ती कशी अडकली होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा, परत बसवताना हात आंधळेपणाने चालवावा लागतो. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलं की काचेवर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बच्या तीन कानांपैकी एक रुंद असतो, तो त्याच्याच खाचेत गेला पाहिजे. लो बीमच्या फिलामेंटखाली (तापून उजळणाऱ्या तारेखाली) धातूची एक छोटी वाटी असते, ती खालचा प्रकाश अडवते. बल्ब वाकडा बसला तर तोच प्रकाश वर उडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शेवटी रबरी कव्हर नीट बसवा, नाहीतर आत वाफ आणि धूळ जाते.

एलईडीबद्दल माझं मत ठाम आहे. रिफ्लेक्टर (हेडलाइटच्या आतला आरसा) एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी त्याच आकारात नसेल तर गाडीसमोरची जमीन लख्ख दिसते, लांबचा रस्ता अंधारात राहतो आणि समोरून येणारा आंधळा होतो. निळसर हॅलोजनही नको, तो रंग बल्बच्या काचेवरच्या थराचा असतो आणि तो थर प्रकाशच गाळतो. जास्त उजेड हवाच असेल तर ६०/५५ मध्येच चांगल्या प्रतीचा, जास्त प्रखर म्हणून विकला जाणारा बल्ब घ्या. तो मात्र कमी टिकतो.

बदलल्यावर सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा ५ सेंटीमीटरच्या आसपास खाली पडली पाहिजे. काही गाड्यांच्या हेडलाइटवर हा उतार टक्क्यांत छापलेला असतो, तिथे तोच आकडा धरा. वर जात असेल तर मागच्या स्क्रूने खाली आणा आणि मगच रस्त्यावर काढा.