मुलाखतीत कंपन्या उमेदवाराशी खरं बोलतात का?

नाही बोलत. तुम्ही लिहिलंय की एचआर मॅडम छान बोलल्या, 'घरच्यासारखं वातावरण आहे' म्हणाल्या, तर ऑफर घ्यावी का? माझ्याशीही सगळे छानच बोलले होते.

२०१७ साल. भोसरीत गाड्यांचे ब्रॅकेट बनवणारी कंपनी, पद क्वालिटी इंजिनिअरचं. दीड तास ऑडिट, कंट्रोल प्लॅन यावर चर्चा झाली. प्लांट हेड म्हणाले, "आम्हाला सिस्टिम उभी करणारा माणूस हवाय." मी विचारलं, जागा रिकामी कशी झाली? "एक्स्पान्शन." मी विश्वास ठेवला. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली नोकरी सोडली, ९० दिवसांचा नोटीस पिरियड भरला, मोशीत डिपॉझिट देऊन खोली घेतली.

पहिल्या दिवशी टेबलाचा खण उघडला, तर आत तीन वेगवेगळ्या नावांची व्हिजिटिंग कार्डं. पद तिन्हींवर माझंच. स्टोअरमधला माणूस म्हणाला, "साहेब, दीड वर्षातले तुम्ही चौथे."

का, ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं. डाय, म्हणजे ब्रॅकेट दाबून काढायचा साचा, झिजलेली, त्यामुळे ब्रॅकेटमधल्या भोकाचा साइज हलायचा, आणि नव्या डायचा खर्च कुणी मंजूर करत नव्हतं. मग रांजणगावला कस्टमरकडे लॉट अडकला की क्वालिटीवाल्यानं तिथं जाऊन सेग्रिगेशन करायचं, म्हणजे चांगला आणि खराब माल वेगळा करायचा. शेडमध्ये खोक्यावर बसायचं, एकेका भोकात गो-नोगो गेज, म्हणजे माप बरोबर आहे का ते दाखवणारं हत्यार, घालायचं, पास झाला तर मार्करचा हिरवा ठिपका, नाहीतर लाल बिन. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची कातडी सोलून निघायची. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस हेच. आमची गुरुवारची साप्ताहिक सुट्टीही तिथंच जायची, कारण कस्टमरची लाइन गुरुवारी चालू असायची.

पगाराचंही तेच. तोंडी ६ लाखांचं पॅकेज. त्यात ९० हजार व्हेरिएबल (कामगिरी बघून द्यायचा भाग), कंपनीच्या वाट्याचा पीएफ, इन्शुरन्सचा हप्ता आणि ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली. ती ग्रॅच्युइटी पाच वर्षं टिकलं तरच मिळणार, आणि त्या खुर्चीत माझ्याआधी पाच महिनेसुद्धा कुणी टिकत नव्हतं. हातात महिन्याला साडेपस्तीस हजार. व्हेरिएबलचा एक रुपया कधी दिसला नाही. चौदा महिन्यांनी सोडली.

माझे मामा पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं पर्सोनेलला, म्हणजे आताच्या एचआरला, होते. ते आजही म्हणतात, "ते खोटं कुठं बोलले? तूच नीट विचारलं नाहीस." आणि वर, "उमेदवार काय कमी थापा मारतात?" मारतात, मान्य. पण आमची थाप पकडायला तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, रिलिव्हिंग लेटर, जुन्या साहेबाला फोन, एवढं सगळं असतं. त्यांचं बोलणं तपासायला आम्हाला काय देतात? फसलो तर माझी जुनी नोकरी गेली, डिपॉझिट अडकलं. त्यांना फक्त परत एक जाहिरात द्यावी लागली. आणि जागा का रिकामी झाली, हे मी विचारलं होतं. मामा ते दरवेळी विसरतात.

तुम्ही एवढं करा. सॅलरी ब्रेकअप सही करण्याआधी मागा आणि हातात किती येणार ते मेलवर लिहून घ्या. याआधी या जागेवर कोण होतं आणि किती दिवस होतं, ते थेट विचारा. पीएफच्या वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, तिथं कंपनीचं नाव टाकलं की दर महिन्याला किती माणसांचा पीएफ भरला आणि कधी भरला ते दिसतं. आकडा खाली-वर होत असेल तर समजून जा. आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या. तिथं जे कळतं ते एचआरच्या केबिनमध्ये कळत नाही.

सगळेच असे नसतात, हेही लिहायला हवं. आताच्या मालकांनी मुलाखतीतच सांगितलं होतं, "गेल्या वर्षी इन्क्रिमेंट दिलेलं नाही, यंदाही खात्री देत नाही." तरी मी आलो. आता मुलाखती मीच घेतो, आणि उमेदवाराला चहा देण्याआधी प्रेस शॉपमध्ये नेऊन रिजेक्शनचा, म्हणजे किती माल बाद झाला त्याचा, बोर्ड दाखवतो. मामा म्हणतात, अशानं माणसं मिळायची नाहीत. गेल्या खेपेला दोघांनी नकार दिला खरा. तिसरा आला, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय.