हवामान केंद्रातला थर्मामीटर बदलला की जुना-नवा रेकॉर्ड जुळवतात कसा?

जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावला असं करायचंच नसतं, निदान वर्षभर, जमलं तर दोन वर्षं दोन्ही शेजारीशेजारी चालू ठेवायचे म्हणजे उन्हाळा पावसाळा थंडी सगळ्यात किती फरक पडतो ते कळतं. अमेरिकेत १९८० च्या दशकात हजारो केंद्रांवर लाकडी पेटीतले काचेचे थर्मामीटर जाऊन प्लास्टिकच्या कवचातले सेन्सर आले, आणि मागाहून तपासलं तर नुसत्या त्या बदलामुळे कमाल तापमान साधारण ०.४ अंश सेल्सियसने कमी आणि किमान ०.३ ने जास्त दिसत होतं. सरासरीत दोन्ही जवळजवळ कटतात म्हणून पटकन लक्षात येत नाही, पण दिवस-रात्रीतला फरक ०.७ अंशाने आकसला ना! त्यात सेन्सरची वायर इमारतीच्या आत न्यावी लागायची म्हणून बरेच सेन्सर इमारतीजवळ सरकले, म्हणजे यंत्र आणि जागा एकदमच बदलली, मग कशामुळे किती ते वेगळं काढणं फार अवघड. तुलना करायची राहूनच गेली असेल तर आसपासच्या न बदललेल्या केंद्रांच्या आकड्यांशी ताडून आपल्या आकड्यांत अचानक उडी कुठे आहे ते शोधतात आणि तेवढी दुरुस्ती करतात. मूळ नोंद मात्र कधीच खोडू नका, दुरुस्त केलेले आकडे वेगळे ठेवा, आणि बदलाची तारीख, जागा, उंची सगळं लिहून ठेवा प्लीज.